८१ किलोंच्या पुढे

एप्रिल २०२१. पोलंडमधल्या किएल्त्से शहरात युवा मुष्टियुद्धाची जागतिक स्पर्धा चालू होती आणि भारताच्या मुली एकामागून एक अंतिम लढती जिंकत होत्या. सात मुलींनी सात सुवर्णपदकं मिळवली. त्यांपैकी सर्वांत वरच्या, म्हणजे ८१ किलोंपुढच्या गटाची विजेती होती नागपूरची अल्फिया पठाण. वडील पोलीस खात्यात, भाऊ बॉक्सिंग करायचा, त्याच्या मागोमाग ती रिंगणात आली. अंतिम लढतीत तिने मोल्दोव्हाच्या दार्या कोझोरेझला ५-० हरवलं. पाचही पंचांचा कौल तिच्या बाजूने होता.

त्या दिवसांत महाराष्ट्र कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत होरपळत होता. रुग्णालयात खाट आणि ऑक्सिजन मिळवण्यासाठी माणसं धावत होती. अशा वेळी एका मुलीचं पदक कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, तर त्यात कुणाचा दोष नाही. पण गोष्ट तिथे थांबली नाही. जुलै २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या एलोर्डा चषकात अल्फियाने यजमान देशाच्या लझ्झत कुंगेइबायेव्हाला हरवून सुवर्ण जिंकलं. ही कुंगेइबायेव्हा २०१६ची जगज्जेती. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्डनमधल्या अम्मानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि तिथेही ८१ किलोंपुढच्या गटाचं सुवर्ण अल्फियाकडेच आलं. युवा गटाची जगज्जेती दोन वर्षांच्या आत मोठ्या गटाची आशिया विजेती झाली. तरीही विदर्भाबाहेर किती घरांत तिचं नाव घेतलं जातं?

या प्रश्नाला एक तयार उत्तर असतं: आपल्याकडे क्रिकेटने सगळं गिळलंय. मला ते उत्तर पटत नाही. क्रिकेटच्याच देशात कुस्तीगिराच्या नावाने गाव ओळखलं जातं, कबड्डीपटूचा फोटो रिक्षामागे लागतो. मुष्टियोद्ध्याला हे का मिळत नाही, याची कारणं त्या खेळाच्या रचनेत आहेत, आणि ती कारणं एकेक करून दाखवता येतात.

पहिलं कारण तराजूवर दिसतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांचे सहा वजनगट होते: ५०, ५४, ५७, ६०, ६६ आणि ७५ किलो. अल्फियाचा गट त्यात नव्हताच. म्हणजे ती जगात कुणालाही हरवू शकत असली, तरी ज्या एकाच स्पर्धेकडे भारतातला सर्वसामान्य माणूस डोळे लावून बसतो, तिच्यात तिला जागा नाही. ऑलिंपिकला जायचं तर ७५ किलोंत उतरायला हवं. ८१च्या पुढे लढणाऱ्या शरीराला ते उतरणं म्हणजे आहार, ताकद आणि लढण्याची सगळी पद्धत नव्याने बांधणं. आणि उतरलं तरी त्या गटात लव्हलिना बोर्गोहाइं उभी. टोकियोत ६९ किलोंत कांस्य जिंकलेली लव्हलिना पॅरिससाठी ७५मध्ये आली, कारण तिचाही जुना गट यादीतून गेला होता. अम्मानला या दोघींनी एकाच स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. बातम्यांचे मथळे लव्हलिनाच्या नावाने आले, कारण तिच्या पदकाचा रस्ता पॅरिसकडे जात होता. अल्फियाच्या स्वतःच्या गटातही देशातली स्पर्धा सोपी नाही. सप्टेंबर २०२५मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत ८० किलोंपुढच्या, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या गटात भारतासाठी रौप्य आणलं ते हरियाणाच्या नुपूर शेओराणने. ती हवा सिंग यांची नात. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७०च्या आशियाई खेळांत हेवीवेट गटाचं सुवर्ण जिंकलं होतं. त्यांचं नाव आज किती जणांना आठवतं, हाही याच प्रकरणाचा विषय आहे.

तराजूचा असाच फटका बुलढाणा जिल्ह्यातल्या अनंता चोपडेला बसला, आणि त्याची कथा मला अधिक बोचते, कारण त्याचा गट ऑलिंपिकमध्ये होता. जुलै २०१९मध्ये इंडोनेशियातल्या लाबुआन बाजो इथे झालेल्या प्रेसिडेंट्स चषकात त्याने ५२ किलोंत सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्ण जिंकलं, त्यामुळे बातमी कुणाची झाली हे सांगायला नको. पण खरी अडचण मेरी कोमची नव्हती. रिओनंतर पुरुषांचा ४९ किलोंचा गट ऑलिंपिकमधून वगळला गेला. त्या गटात २०१८च्या आशियाई खेळांचं सुवर्ण जिंकलेला हरियाणाचा अमित पंघाल तीन किलो वर सरकला आणि ५२मध्ये आला. २०१९मध्ये त्याने आशियाई अजिंक्यपद मिळवलं, जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. ऑलिंपिकला एका गटात एका देशाचा एकच मुष्टियोद्धा जातो. क्रिकेटमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा फलंदाज त्याच सामन्यात खेळतो, लोक त्याला पाहतात. मुष्टियुद्धात देशातला दुसरा क्रमांक म्हणजे घरी बसलेला माणूस. अनंताने पुढे ५४ किलोंत लढून एप्रिल २०२२मध्ये थायलंडच्या स्पर्धेत पुन्हा सुवर्ण आणलं. ५४ किलोंचा पुरुष गट पॅरिसच्या यादीत नव्हता.

मेरी कोमचं उदाहरण उलट बाजूने हेच सांगतं. २०१०पर्यंत ती पाच वेळा जगज्जेती झाली होती, तीही ४५ ते ४८ किलोंच्या गटांत. तिला घराघरांत पोहोचवलं ते २०१२च्या लंडनने, म्हणजे महिला मुष्टियुद्धाला ऑलिंपिकमध्ये प्रथमच जागा मिळाली तेव्हा ५१ किलोंत मिळालेल्या एका कांस्यपदकाने. मग २०१४ साली चित्रपट आला. २००६ साली दिल्लीत झालेल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या चार मुली जगज्जेत्या झाल्या होत्या: मेरी कोम, सरिता देवी, जेनी आर. एल. आणि केरळची लेखा के. सी. चौघींनी आपल्याच देशात, आपल्याच प्रेक्षकांसमोर सुवर्ण जिंकलं. आज त्यांतली एकच सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्या तिघींच्या कौशल्यात काय कमी होतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, कारण कमी काहीच नव्हतं.

एवढ्यावर थांबलो तर ऑलिंपिकच्या वजनगटांवर सगळा दोष टाकून मोकळं होता येईल. पण मग पुढचा प्रश्न उरतो. आपल्या मुष्टियोद्ध्याचं सगळं नशीब ऑलिंपिकच्याच हाती का? पैलवानाचं तसं नाही. १९६१पासून महाराष्ट्र केसरी होते. तो मान मिळालेल्या माणसाला ऑलिंपिकचं तोंड पाहावं लागत नाही, गदा खांद्यावर आली की जन्मभर त्याचं नाव लोकांच्या तोंडी राहतं. त्याच्याही खाली गावोगावच्या जत्रा आहेत, इनामाच्या कुस्त्या आहेत, नारळावरच्या कुस्त्या आहेत. आठ वर्षांचं पोर पहिल्यांदा लाल मातीत उतरतं, तेव्हा त्याचं नाव ध्वनिक्षेपकावरून अख्ख्या गावाला ऐकू जातं.

ही गोष्ट समजून घ्यायला भिवंडी तालुका फार उपयोगी आहे. शहर यंत्रमागांचं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोकणी मुसलमान, पद्मानगरचे पद्मशाली विणकर. शहराच्या भोवती काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, अंजूर अशी आगरी वस्तीची गावं. त्यांच्या शेतांवर आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तरुण अंगं, कष्टाची सवय आणि चढाओढीची आवड, मुष्टियुद्धाला लागणारा सगळा कच्चा माल इथे आहे. थंडीच्या दिवसांत या गावांत संध्याकाळी दिवे लागतात आणि कबड्डीचे सामने सुरू होतात. संघाला गावदेवीचं किंवा हनुमानाचं नाव. चढाईला गेलेला मुलगा कुणाचा, कुठल्या आळीतला, त्याचा चुलता कसा पकडी करायचा, हे बाजूच्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं. टेनिस चेंडूच्या क्रिकेटचं तर काय सांगावं. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या या स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवल्या जातात, समालोचक खेळाडूंची टोपणनावं पाडतात, बक्षिसाला मोटरसायकली लागतात. मार्च २०२४मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची आयएसपीएल ही लीग सुरू झाली, तेव्हा लिलावात बोली लागायला असे खेळाडू आधीच तयार होते. लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं, लीगने त्या ओळखीला फक्त मोठा पडदा दिला.

याच तालुक्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने हातात ग्लोव्ह्ज घातले, तर वाट वेगळी होते. चांगला प्रशिक्षक आणि खरी रिंग हवी म्हणून ठाणे, मुंबई गाठायची. महामार्गावरच्या ट्रकांच्या कोंडीतून रोज येणं-जाणं. जिल्ह्याची, राज्याची स्पर्धा असते ती एखाद्या क्रीडासंकुलाच्या सभागृहात, बहुतेकदा दिवसाउजेडी, कामाच्या वेळी. एका दिवशी पाठोपाठ तीस-चाळीस लढती. एक लाल गंजीत, एक निळ्या. डोक्यावर हेडगार्ड, त्यामुळे चेहरा अर्धा झाकलेला. तीन मिनिटांचे तीन राउंड, पंचांनी हात वर केला, पुढची जोडी. समोर बसलेले प्रेक्षक म्हणजे इतर मुष्टियोद्धे, त्यांचे प्रशिक्षक आणि काही आईबाप. गाव तिथे नसतं. मुलगा राज्यात पहिला आला की तो राष्ट्रीय शिबिरात जातो, पतियाळाला किंवा पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये, आणि राहिलेली थोडीफार ओळखही तुटते. तो जितका चांगला होतो, तितका आपल्या लोकांच्या नजरेआड जातो. प्रतिभा आणि प्रसिद्धी यांच्यातलं अंतर इथेच पडतं, असं माझं मत आहे. लोक ज्याला पुन्हा पुन्हा पाहतात त्याच्यावर जीव लावतात. चार वर्षांतून एकदा, पहाटे तीन वाजता, नऊ मिनिटांसाठी दिसणाऱ्या माणसावर जीव कसा लागणार?

मागावरच्या कामगाराच्या पोरासाठी आणखी एक भिंत आहे, तिच्याबद्दल क्वचित बोललं जातं. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. मुष्टियोद्ध्याला सकाळ-संध्याकाळ सराव, मधे झोप, आणि अंडी-दूध-मांसाचा खर्च लागतो. घरात एक कमावता हात कमी झाला, तर ते घर पाच-सहा वर्षं कशाच्या भरवशावर वाट पाहणार? म्हणून बहुतेकांचं ध्येय पदकापेक्षा नोकरी हेच असतं: रेल्वे, सैन्य, पोलीस. मला त्यात काहीही गैर वाटत नाही. पगार आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या या खात्यांनीच भारतीय मुष्टियुद्ध जिवंत ठेवलं. पण खात्याचा खेळाडू खात्यासाठी लढतो. त्याची लढत विकण्याची, त्याचं नाव भिंतीवर लावण्याची कुणालाच गरज नसते.

मुंबईकडे याचा इतिहास आहे. देशातली पहिली प्रांतिक हौशी मुष्टियुद्ध संघटना १९२५ साली मुंबईत स्थापन झाली आणि १९५०ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. तरीही हा खेळ छावण्या, मिशनच्या शाळा, रेल्वेच्या संस्था आणि मुंबईच्या काही वस्त्यांमध्येच राहिला. कल्याण-भिवंडीच्या गावांत कबड्डी जशी मुरली, तसा तो मुरला नाही.

सैन्याने घडवलेल्या अशाच एका मराठी मुष्टियोद्ध्याचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे, पण मुष्टियुद्धासाठी नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध करत होते. १९६५च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलून ते अपंग झाले, रिंग सुटली, आणि ते पाण्यात उतरले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्ण जिंकलं, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८मध्ये. २०२४च्या ‘चंदू चँपियन’ चित्रपटानंतर त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांना जानेवारी २०२५मध्ये मिळाला. पदकानंतर बावन्न वर्षांनी. पंजाबचे कौर सिंग यांचीही गोष्ट पाहा. १९८०च्या जानेवारीत दिल्लीत ते महंमद अलींसमोर प्रदर्शनी लढत लढले, १९८२च्या आशियाई खेळांत त्यांनी हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं, आणि म्हातारपणी हृदयाच्या उपचारांसाठी त्यांना कर्ज काढावं लागलं. हे लिहिताना मला राग आवरत नाही.

व्यावसायिक मुष्टियुद्धाने ही उणीव भरून काढायला हवी होती. तिथे लढत विकावी लागते, म्हणून माणसाची गोष्ट सांगावी लागते. बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलेला विजेंदर सिंग २०१५मध्ये व्यावसायिक झाला. ५ ऑगस्ट २०१७च्या रात्री वरळीच्या एनएससीआयच्या सभागृहात त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला गुणांवर हरवलं. भारत-चीन सीमेवर डोकलामचा तणाव चालू होता. सीमेवर शांतता राहावी म्हणून आपण जिंकलेला पट्टा परत द्यायला तयार आहोत, असं तो रिंगमधूनच म्हणाला. सभागृह भरलेलं होतं, दूरचित्रवाणीवर लढत दिसत होती. पण त्या रात्रीनंतर मुंबईत अशा रात्रींची रांग लागली नाही. मार्च २०२१मध्ये पणजीला कॅसिनोच्या जहाजावर त्याचा व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव झाला. २०१७ची सुपर बॉक्सिंग लीग, २०१९ची बिग बाउट लीग यांनी मुंबई-महाराष्ट्राच्या नावाचे संघ काढले आणि एकेका हंगामानंतर त्या थांबल्या. विजेंदरचं वलय विजेंदरपुरतंच राहिलं, कारण त्याच्या खालच्या पायऱ्यांवर लोकांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं.

व्यावसायिक जगही निष्पाप नाही, हे मात्र सांगायला हवं. तिथे ज्याला हरवणं कठीण आणि ज्याला हरवून पैसे मिळत नाहीत, त्याला सगळेच टाळतात. पिट्सबर्गचा चार्ली बर्ली हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा शंभराच्या आसपास लढती लढला, एकदाही कुणी त्याला नॉकआउट करू शकलं नाही, आणि तरी विश्वविजेतेपदाची लढत त्याला कधीच मिळाली नाही. पुढे तो शहराचा कचरा उचलण्याच्या कामाला लागला. क्यूबाच्या गियेर्मो रिगोंदोने दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, आणि १३ एप्रिल २०१३ला न्यूयॉर्कमध्ये त्या काळच्या सर्वांत चमकत्या नोनितो दोनेरला गुणांवर हरवलं. त्याचा बचाव इतका भक्कम होता की प्रेक्षक कंटाळले, आणि त्याला विकणं अवघड आहे असं त्याच्याच प्रवर्तकाने उघडपणे सांगितलं. ठोसा चुकवणं ही या खेळातली सर्वांत अवघड कला, पण ती दिसण्यासाठी डोळा तयार असावा लागतो. तो तयार होतो पाहून पाहून. आपल्या गावातल्या म्हाताऱ्याला कबड्डीतली पकड जशी कळते, तशी. जपानमध्ये ते झालं आहे. तिथल्या छोट्या वजनाच्या नाओया इनोउएने वर्षानुवर्षं आपल्याच लोकांसमोर लढत मे २०२४मध्ये टोकियो डोमसारखं अवाढव्य स्टेडियम भरवलं.

आपल्याकडे असं पाहण्याची सवय लागण्याआधीच मोडली गेली. डिसेंबर २०१२मध्ये भारतीय संघटनेवर जागतिक संघटनेने निलंबन आणलं. २०१३च्या जागतिक स्पर्धेत आपली मुलं तिरंग्याऐवजी जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली लढली. मधे एक नवी संघटना आली, तीही कोसळली. सप्टेंबर २०१६मध्ये मुंबईत निवडणूक होऊन आजचा महासंघ उभा राहिला, तोवर रिओ ऑलिंपिक होऊन गेलं होतं आणि तिथे भारताचे तीनच मुष्टियोद्धे पोहोचले होते. राष्ट्रीय स्पर्धांचा क्रम विस्कटला. सतरा-अठरा वर्षांच्या मुष्टियोद्ध्याची ती चार वर्षं परत मिळत नाहीत. मुष्टियोद्ध्याचं वय साठवून ठेवता येत नाही.

मग करायचं काय? वजनगट ठरवणं आपल्या हातात नाही. लीग काढायला कोट्यवधी रुपये लागतात, आणि तळ नसलेली लीग टिकत नाही हे दोनदा दिसलं. पण दोऱ्यांच्या आत ६.१ मीटर चौरसाची रिंग ट्रकमधून नेता येते. जिल्हा संघटनेने स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या खुशाल सभागृहात घ्याव्यात. अंतिम लढती मात्र काल्हेरच्या किंवा अंजूरच्या कबड्डीच्या मैदानावर, संध्याकाळी, दिव्यांखाली ठेवाव्यात. दहा लढतींना अडीच तास पुरतात. प्रत्येक लढतीआधी मुला-मुलीचं नाव, गाव, आळी, शाळा, आईवडिलांचं काम ध्वनिक्षेपकावरून सांगावं. हेडगार्ड घालण्याआधी चेहरा लोकांना दिसू द्यावा. टेनिस क्रिकेट दाखवणारे कॅमेरे आणि समालोचक इथे आधीच आहेत, त्यांना गुण कसे मोजतात हे एका दुपारी शिकवता येईल. शेवटची लढत राज्य विजेत्यांची ठेवावी, आणि अल्फियासारख्या विजेतीला पाहुणी म्हणून सत्कार करून परत पाठवू नये. तिला रिंगमध्ये उतरवावं, सरावाचे तीन राउंड लढायला लावावं. ८१ किलोंपुढच्या गटातला उजवा ठोसा दहा फुटांवरून कसा ऐकू येतो, हे भिवंडीच्या पोरींना स्वतःच्या कानांनी कळू द्यावं.